पान हिरवं, पण चांदीचं काय?

दरवर्षी जानेवारी उजाडला की आमच्या नाशिकच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेसिनपाशी पानं धुण्याची गर्दी होते. कुणी कडुनिंब आणलेला असतो, कुणी अडुळसा, कुणी कुंडीतली तुळस, कुणी पेठ-सुरगाण्याकडच्या आजीने दाखवून दिलेली एखादी रानवनस्पती. पानं चिरायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा-पंधरा मिनिटं उकळायची, गाळायची. तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या नितळ द्रावणात थेंबाथेंबाने सोडायचा आणि वाट बघायची. आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, मग कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग चढत जातो. "मॅडम, रंग आला!" ही हाक मी कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि आजही ती कानावर पडली की हातातलं काम टाकून बघायला जाते.

त्या रंगामागचं विज्ञान सुंदर आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात चांदी आयनांच्या रूपात असते, म्हणजे तिच्या प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. पानांतली पॉलिफेनॉल, फ्लेवोनॉइड, शर्करा हे पदार्थ तो इलेक्ट्रॉन तिला परत देतात. अणू एकमेकांना धरतात, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कण तयार होतात, आणि पानांतलेच इतर रेणू त्या कणांवर लेप देऊन त्यांची गुठळी होऊ देत नाहीत. कणाच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर डोलू लागतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. तो वजा झाला की आपल्या डोळ्यांना उरतो तो पिवळा-तपकिरी. महागड्या यंत्राशिवाय, उघड्या डोळ्यांनी दिसणारं नॅनोविज्ञान ते हे.

ही वाट आपल्या राज्यात मळली गेली, हे मी मुलांना आवर्जून सांगते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जिरेनियमच्या पानांपासून आणि २००४ साली कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण केले. एरवी याच कामासाठी सोडियम बोरोहायड्राइडसारखी रसायनं वापरली जातात. ती टाळून साध्या पाण्यात, साध्या तापमानाला, पानांच्या काढ्याने तेच साधतं हे त्या काळी खरोखर नवं होतं. त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. दरम्यान आपण पानं बदलत राहिलो. जांभूळ झालं, बेल झाला, शेवगा झाला, निर्गुडी झाली. प्रकल्पाची शेवटची ओळ मात्र बदलली नाही: "सदर पद्धत स्वस्त, सुरक्षित व पर्यावरणपूरक असून हे कण घातक जंतूंवर प्रभावी आहेत."

याच ओळीबद्दल मला बोलायचं आहे, कारण ती आता प्रयोगशाळेत राहिलेली नाही. ती मोज्यांच्या पाकिटावर आहे, पाणी गाळण्याच्या यंत्रांच्या जाहिरातीत आहे, जखमेच्या मलमांवर आहे, आणि आमच्या द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर 'नॅनो सिल्व्हर' नावाच्या बाटल्यांवरही आहे. माझं म्हणणं असं आहे की पानामुळे चांदी हिरवी होत नाही. कण कशाने केले यावरून आपण त्यांना पर्यावरणपूरक ठरवतो. ते किती वापरले आणि वापरून झाल्यावर कुठे गेले, हे विचारत नाही. चांदी हे जंतूंविरुद्धचं जुनं, मोलाचं आणि मर्यादित हत्यार आहे. प्रतिजैविकांची जी उधळण आपण केली, ती चांदीची करायला आपण निघालो आहोत, आणि त्या उधळणीला 'हिरवं' हे नाव देऊन मन शांत करून घेतो आहोत.

आधी पानाचा वाटा किती, ते पाहू. जंतू मरतात ते मुख्यतः कणांतून सुटणाऱ्या चांदीच्या आयनांनी. हे आयन जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतात, पेशीचं आवरण खिळखिळं करतात, श्वसनाची साखळी तोडतात. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात एक नेटका प्रयोग झाला. कण ऑक्सिजनविरहित वातावरणात ठेवले की त्यांचं ऑक्सिडेशन होत नाही आणि आयन सुटत नाहीत. अशा अवस्थेत तेच कण जंतूंवर जवळजवळ निष्प्रभ ठरले. म्हणजे नॅनोकण हे मुख्यतः आयनांचं कोठार आहे. कण बारीक केल्याने होतं काय, तर या कोठाराची दारं वाढतात. एक ग्रॅम चांदीची एकच गोळी केली तर तिचा पृष्ठभाग साधारण एक चौरस सेंटीमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे १० नॅनोमीटर व्यासाचे कण केले तर पृष्ठभाग होतो सुमारे ५७ चौरस मीटर, म्हणजे ६०० चौरस फुटांहून जास्त. इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तर तेवढीच फरशी मिळेल. ही सगळी ताकद आकाराची आणि धातूची आहे. पान हे सगळं घडवून आणणारा मदतनीस आहे, आणि मदतनीस म्हणून ते उत्तमच आहे.

मग साधा प्रश्न येतो. पानांच्या काढ्याने केलेल्या कणांनी अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर १४ मिलिमीटरचा झोन (जंतू न उगवलेलं वर्तुळ) दिला, ठीक. तेवढीच चांदी सिल्व्हर नायट्रेटच्या रूपात त्याच प्लेटवर टाकली असती तर झोन किती आला असता? नुसत्या काढ्याने किती आला असता? या दोन तुलना केल्याशिवाय तो १४चा आकडा काहीच सांगत नाही. कण सेंट्रीफ्यूजमध्ये नीट धुतले नसतील तर न बदललेलं सिल्व्हर नायट्रेट द्रावणात तसंच उरलेलं असतं आणि झोन त्याचाच असू शकतो. शिवाय अगार म्हणजे जाळी. लेपाचे कण तिच्यातून आयनांइतक्या सहज सरकत नाहीत, म्हणून झोनच्या रुंदीवरून कणांची ताकद ठरवणंच कच्चं आहे. द्रव माध्यमात, लिटरमागे किती मिलिग्रॅम चांदीला वाढ थांबते, हा आकडा काढायला हवा. मी हे दुसऱ्यांना सुनावत नाही. मी स्वतः मार्गदर्शन केलेल्या पहिल्या काही प्रकल्पांत सिल्व्हर नायट्रेटची तुलनेची प्लेट नव्हती. मुलांनी विचारलं नाही, मी सुचवलं नाही, परीक्षकांनीही हटकलं नाही. ते प्रबंध विभागाच्या कपाटात आजही आहेत आणि त्यांचे निष्कर्ष मला आज कुणापुढे मांडता येणार नाहीत.

आणि पान तरी कुठलं? आमच्याकडे द्राक्षाच्या पानांवर हा प्रयोग करण्याची हौस असते, साहजिकच आहे. निफाड-दिंडोरीची मुलं घरूनच पानं आणतात. पण वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. उन्हाळ्यातल्या कोवळ्या फुटीचं पान आणि डिसेंबरातलं राठ पान यांच्यातली पॉलिफेनॉल सारखी कशी असतील? त्यात आणखी एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे बोर्डो. डाऊनी हा बुरशीजन्य रोग येऊ नये म्हणून बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण फवारतात. त्या पानाचा काढा केला की त्यात तांबं उतरतं, आणि तांबं स्वतःच जंतुनाशक आहे. एका मुलीच्या प्रकल्पात झोन अचानक मोठे आले तेव्हा तिने हिशेब लावला की पानं फवारणीनंतर चौथ्या दिवशी तोडलेली होती. तिने ते प्रामाणिकपणे प्रबंधात लिहिलं. माझ्या मते त्या वर्षातलं खरं संशोधन तिच्याच वहीत होतं.

आता चांदी जाते कुठे, तिकडे वळू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

प्रतिजैविक म्हणजे एक रेणू. ऊन, पाणी, जंतू, काळ यांपैकी कुणीतरी तो कधी ना कधी मोडतं. चांदी मूलद्रव्य आहे, ती मोडत नाही. रूप बदलेल, आयन होईल, क्लोराइड होईल, सल्फाइड होईल, पण जगाच्या हिशेबातून एक अणूही कमी होणार नाही. सराफ बाजारातल्या माणसांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिथे दुकानासमोरचा केर, गटारातला गाळ झारेकरी पिढ्यान् पिढ्या गोळा करत आले. तो धुऊन, आटवून त्यातून गुंजभर सोनं, चांदीचा कीस परत मिळवायचा हाच त्यांचा धंदा. चांदी वाया जाऊ द्यायची नसते, ही शिकवण त्या गल्लीत आहे. आम्ही मात्र विद्यापीठाचा प्रकल्प संपला की उरलेलं तपकिरी द्रावण सिंकमध्ये ओततो, वरून नळ सोडतो.

हे किती असतं? विद्यार्थी साधारण एक मिलिमोलर द्रावण वापरतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये चांदी भरते सुमारे १०.८ मिलिग्रॅम. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवतं. म्हणजे तो एक चंबू त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला १०८ लिटर पाणी लागेल. माणसाला एवढ्याने काही होत नाही. चांदी जास्त पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-राखाडी पडते, तीही दीर्घकाळ घेत राहिल्यावर. पण पाण्यातल्या बारीक जिवांचं गणित वेगळं आहे. मासे ज्यांच्यावर जगतात त्या डॅफ्नियासारख्या पाणपिसवांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅम विद्राव्य चांदीही मारक ठरते. एका मायक्रोग्रॅमपर्यंत उतरायचं तर एका चंबूला दहा हजार लिटरचा अख्खा टँकर पुरणार नाही.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही, म्हणून दुसरी बाजूही लगेच मांडते. सांडपाण्यात गंधक भरपूर असतं, आणि चांदीला गंधकाची ओढ जबर. घरातली चांदीची वाटी काळी पडते तीच ही क्रिया. तपोवन, आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांपर्यंत पोहोचलेली चांदी बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होऊन गाळात बसते, आणि हे संयुग आयनांच्या मानाने फारच कमी विषारी आहे. पण 'बहुतांशी' आणि 'गाळात' हे दोन्ही शब्द नीट वाचायला हवेत. गाळ पुढे खत म्हणून शेतात जाऊ शकतो. आणि नाशिकचं सगळं सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतं का, हे नासर्डीच्या पुलावर नाक दाबून उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. जे तसंच गोदावरीत उतरतं ते निफाडच्या पुढे नांदूरमधमेश्वरला जाऊन संथ होतं, गाळ टाकतं. २०२० साली महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ ते हेच. हिवाळ्यात तिथे पक्षी उतरतात ते त्या गाळातल्या किडामुंगीच्या आणि पाणवनस्पतींच्या भरवशावर.

प्रयोगशाळेतले चंबू एकूण गणितात चिमूटभर आहेत, हे मला मान्य आहे. खरी चांदी येते ती घराघरांतून. २००८ साली अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी बाजारातले चांदीचे 'वास न येणारे' मोजे नुसत्या पाण्यात घोळवून पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. पैसे मोज्यांचे दिले, चांदी मोरीला गेली. ज्याला आपण टिकाऊ गुण समजून विकत घेतो तो महिन्याभरात नदीच्या वाटेला लागतो.

याहून मोठी धास्ती प्रतिरोधाची आहे. "जंतू चांदीला सरावत नाहीत" हे वाक्य मी कितीतरी सादरीकरणांत ऐकलं आहे. ते खरं नाही, आणि ते खरं नसल्याचं आपल्याला १९७५ पासून माहीत आहे. बोस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात जखमांवर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण वापरत. तिथे चांदीला दाद न देणारा साल्मोनेला आला, तीन रुग्ण दगावले. पुढे १९९९ साली त्या जंतूच्या प्लाझमिडवरची, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावरची, चांदी-प्रतिरोधाची जनुकं वाचली गेली. त्याच प्लाझमिडवर अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन यांचाही प्रतिरोध होता. म्हणजे चांदीचा मारा सोसून जो जंतू तगतो तो या औषधांचाही प्रतिरोध बरोबर घेऊन येऊ शकतो. चांदीची निवड करताना आपण नकळत औषधांना न जुमानणाऱ्यांचीही निवड करत असतो. प्लाझमिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, आणि मलनिस्सारण केंद्रासारखी त्यांच्या देवाणघेवाणीची दाट वस्ती दुसरी नसेल.

आणि नॅनोकणांनाही सूट नाही. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की ई. कोलाय आणि स्यूडोमोनास यांना कणांच्या कमी मात्रेत पुन्हा पुन्हा वाढवलं की ते फ्लॅजेलिन नावाचं चिकट प्रथिन सोडू लागतात. त्यात कण अडकतात, गुठळ्या होतात, निकामी होतात. यासाठी जनुकात बदलही लागत नाही. फ्लॅजेलिनची ही निर्मिती कशाने दबली, तर डाळिंबाच्या सालीच्या अर्काने! सटाणा, मालेगाव, देवळ्याच्या डाळिंबाचा जिल्हा आपला. रस काढणाऱ्यांकडे सालींचे ढीग पडतात. वनस्पतीचं खरं काम इथे असू शकतं: कण बनवण्यापेक्षा, कमी चांदीत जास्त काम व्हावं म्हणून जंतूची बचाव करण्याची खोड मोडणं. पानामागून पान उकळणाऱ्या आपल्या महाविद्यालयांपैकी किती जणांनी हा प्रश्न हाती घेतला?

डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर तेल्याचंही बोलायला हवं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. फळावर तेलकट डाग पडतो, मग ते तडकतं. या रोगाने कसमाद्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) बागा उपटायला लागल्या, माणसं कर्जात गेली. त्यावर वर्षानुवर्षं फवारलं गेलं ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. माणसाच्या फुप्फुसासाठी जे जपून ठेवायचं ते आपण पंपाने बागेवर उडवलं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि ते मला पटत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत पाच एकर बाग जाते तो हाताला लागेल ते फवारणारच. त्याच्या हाताला ते लागू देणाऱ्या व्यवस्थेने विचार करायचा होता. केंद्राच्या कृषी मंत्रालयाने या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला तो डिसेंबर २०२१मध्ये. आता त्याच फळीवर, त्याच रोगासाठी, 'रेसिड्यू फ्री' म्हणून चांदीच्या बाटल्या येत आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. बाटली हातात घेणाऱ्या शेतकऱ्याने दुकानदाराला एवढं विचारावं: यात लिटरमागे चांदी किती, आणि या पिकासाठी, या रोगासाठी ही कुठे नोंदवलेली आहे? उत्तर लेबलवर नसेल तर बाटली परत ठेवावी.

द्राक्ष बागायतदारांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली, तो हंगाम इथे कुणी विसरलेलं नाही. वेलीची वाढ रोखायला सगळेच ते वापरत होते, कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं, आणि मग एका तपासणीत सगळं गडगडलं. चांदी तर धातू आहे, तिला लपायलाही जागा नाही. मोजणाऱ्याने मोजायचं ठरवलं की ती सापडणार.

मग चांदी वापरायचीच नाही का? वापरायची, आणि योग्य जागी आग्रहाने वापरायची. लायप्झिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि किती बाळांची दृष्टी वाचली याला गणती नाही. १९६८ साली आलेलं सिल्व्हर सल्फाडायझीनचं पांढरं मलम भाजलेल्या जखमांवर जगभर वापरलं गेलं. तरी पुराव्याच्या कसोटीवर या जागाही पुन्हा पुन्हा घासून पाहाव्या लागतात. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१०च्या आढाव्यात चांदीच्या ड्रेसिंगने जखमेतला संसर्ग टळतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही, आणि त्या मलमाने जखम भरायला काही वेळा उशीरच लागतो असं दिसलं. जिथे शंभर वर्षांचा अनुभव आहे तिथेही विज्ञान इतकं सावध असेल, तर अगारच्या तीन प्लेटांवरून 'रामबाण' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माझं मत असं की नॅनोचांदीची जागा रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जिथे प्रतिजैविकं हरली आहेत अशा जखमेवर किंवा कॅथेटरसारख्या साधनावर असावी. मोजे, साबण, भिंतीचे रंग, फ्रिजची आतली बाजू इथे तिचं काम नाही.

यावर माझेच सहकारी दोन हरकती घेतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिली अशी: जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे १२ लाख ७० हजार माणसं थेट मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. घर जळत असताना पाणी कुठल्या विहिरीचं हे विचारत बसायचं का? मी उलट विचारते की मग ही विहीर आटवायची का? स्थिती इतकी गंभीर आहे म्हणूनच हातातलं शेवटचं काही मोज्यांवर खर्च करू नये.

दुसरी हरकत मला जास्त भिडते. तालुक्याच्या महाविद्यालयात ना निधी, ना यंत्रं. पानं, एक बाटली सिल्व्हर नायट्रेट आणि एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) एवढ्यावर गरीब घरची मुलगी नॅनोविज्ञानाला हात लावते, तो दरवाजा बंद करायचा का? अजिबात नाही. तो प्रयोग बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनी करावा, रंग बघावा, आलेख काढावा. फक्त एम. एस्सी.ला येऊन नुसतं पान बदलून त्यालाच संशोधन म्हणू नये. आणि पुढचे चांगले प्रश्न महाग नाहीत. सिल्व्हर नायट्रेटची तुलनेची प्लेट फुकट पडते. गोदावरीच्या पाण्यात कण किती तासांत गुठळी होतात हे बघायला तोच स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. आलेखात ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा शोषणाचा उंचवटा खाली बसत जातो, कागदावर दिसतो. डॅफ्निया तळ्यातून मिळतात. पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून आणलेल्या सोज्वळ जंतूंऐवजी रुग्णालयात खरोखर छळणाऱ्या जंतूंवर काम व्हायला हवं. त्यासाठी सुरक्षित प्रयोगशाळा लागते हे खरं, पण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. गावातली विज्ञान महाविद्यालयं आणि वैद्यकीय क्षेत्र यांच्यात पाच-सात किलोमीटरचं अंतर आहे, ते एवढं दुस्तर का असावं?

विद्यापीठाने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात असं मला वाटतं. चांदीवरच्या प्रत्येक प्रकल्पात तुलनेच्या प्लेटा असाव्यात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मात्रा असावी, आणि किती चांदी घेतली व किती परत जमा केली याचा ताळेबंद शेवटच्या पानावर असावा. महापालिकेनेही सावध राहावं. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडाचं, तात्पुरत्या वसाहतींचं पाणी निर्जंतुक करण्यासाठी नाना उपाय घेऊन माणसं येतील, त्यांत 'वनस्पतीजन्य नॅनोचांदी' असण्याची शक्यता मला दाट दिसते. लाखो लोक ज्या पाण्यात उतरणार आणि ज्याची ओंजळ तोंडाला लावणार, तिथे असा प्रस्ताव आला तर मात्रा, अवशेष आणि खालच्या गावांवरचा परिणाम हे तिन्ही आकडे कागदावर मागितल्याशिवाय फाईल पुढे सरकू नये. पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन आहे, आणि मुळात सांडपाणी नदीत न सोडणं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत गेल्या तीन वर्षांपासून सिंकशेजारी पाच लिटरचा एक गडद कॅन ठेवला आहे. चांदीचं उरलंसुरलं सगळं त्यात. भरत आला की त्यात मिठाचं पाणी घालतो. विद्राव्य चांदी कवडी दह्यासारखी पांढरी होऊन खाली बसते, बरेचसे कणही तिच्याबरोबर तळाला जातात. उजेडात ठेवलं तर तो साका जांभळट पडतो, म्हणून वर काळा कागद गुंडाळलेला असतो. गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदा तो साका वाळवून तोलला आणि मुलांनी फळ्यावर हिशेब मांडला. वर्षभरात विकत घेतलेल्या चांदीच्या निम्म्याहून थोडी जास्त परत आली होती. उरलेली कुठे गेली, हे शोधायचं काम यंदा दोन मुलींनी प्रकल्प म्हणून घेतलं आहे. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर अजून एकाही झाडाचं नाव नाही. इमारतीच्या मागच्या गटाराचा नकाशा आहे, आणि नमुने कुठून घ्यायचे त्या सहा जागांवर लाल पेनाने खुणा केलेल्या आहेत.